तबकडीवरचं नाव कोणाचं?

मी कोपरीहून बोलतेय, म्हणजे ठाण्याच्या पूर्व बाजूहून. आजचा विषय आहे घड्याळ. मनगटावरचं नाही आणि भिंतीवरचंही नाही. बंडीच्या किंवा कोटाच्या खिशात साखळीला अडकवलेलं असायचं, ते गोल, जड, रोज चावी द्यायला लागणारं घड्याळ. मुंबईहून कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे जे रूळ जातात, त्यांच्या काठाकाठाने कितीतरी घरांत अशी घड्याळं ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. कुणाचे आजेसासरे गार्ड होते, कुणाचे वडील स्टेशनमास्तर. माणूस गेला, घड्याळ बंद पडलं, साखळी कुणीतरी मोडली आणि डबी तशीच राहिली.

शहापूरकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी असंच घड्याळ रुमालात गुंडाळून आणलं होतं. पांढरी शुभ्र तबकडी, तिला केसाएवढी चीर. वर नाव होतं वेस्ट एंड वॉच कंपनी, खाली मुंबई आणि कलकत्ता. ताईंनी विचारलं, "म्हणजे हे मुंबईत बनलं ना?" मी म्हटलं, नाही, मुंबईत फक्त विकलं. बनलं स्वित्झर्लंडमध्ये. तेवढ्यात मागून दुसऱ्या एकीचा आवाज आला, "म्हणजे आपल्या पापडासारखंच. लाटायचे आपण आणि पाकिटावर नाव दुकानवाल्याचं."

अगदी तसंच. जुनी घड्याळं जमवणारे लोक ज्याला 'प्रायव्हेट लेबल' म्हणतात, त्याचा अर्थ त्या बाईने एका वाक्यात सांगून टाकला. माल एकाचा, नाव दुसऱ्याचं. हे घड्याळांत कसं आलं आणि रेल्वेचा त्यात काय हात होता, ते सांगते. पण त्यासाठी आधी आमच्या ठाण्याला यावं लागेल.

१६ एप्रिल १८५३. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावं. डब्यांत चारशेच्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी, आणि ३४ किलोमीटरचा रस्ता. हे आपण शाळेत शिकलो. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणला पोहोचली. रुळांनी ठाणं मधोमध चिरलं. चेंदणीचा कोळीवाडा दोन्ही अंगांना विभागला गेला, आमची कोपरी पूर्वेला राहिली. अजूनही इथली माणसं बाजाराला निघाली की 'पलीकडे जाते' म्हणतात.

आता यात एक गंमत आहे. त्या दिवशीचे ३ वाजून ३५ मिनिटं म्हणजे मुंबईची स्वतःची वेळ. आज आपल्या हातात जे घड्याळ आहे, ते त्या क्षणाला ४ वाजून १४ मिनिटं दाखवत असतं. एकोणचाळीस मिनिटांचा फरक! मग हे कसं काय?

सूर्य सगळीकडे एकाच वेळी डोक्यावर येत नाही. आपल्याच राज्यात बघा. गडचिरोलीत दिवस उजाडतो तो पालघरच्या जवळजवळ अर्धा तास आधी. पूर्वी प्रत्येक गाव आपल्या सूर्याप्रमाणे चालायचं आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर पाहायचे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून साठ घटका. ज्या गावात लग्न, त्याच गावची वेळ. शेजारच्या तालुक्यात काय वाजलेत हे विचारायचं कारणच नव्हतं.

गाडी आली आणि कारण निर्माण झालं. एका गावाहून निघालेली गाडी दुसऱ्या गावच्या वेळेने पोहोचली, तर वेळापत्रक कसं छापणार? म्हणून १८७० च्या सुमारापासून देशभरच्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या. मद्रासच्या वेधशाळेतून तारेने रोज वेळ कळवली जायची. ही वेळ मुंबईच्या पुढे, अर्धा तास. म्हणजे मुंबईचा माणूस घरच्या घड्याळात दहा वाजलेले बघून दहाच्या गाडीला निघाला, तर स्टेशनात साडेदहा झालेले असायचे. किती जणांच्या गाड्या चुकल्या असतील! सरकारने १८८१ साली मुंबईच्या कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावून पाहिली. लोकांनी इतकी ओरड केली की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईकरांनी तीही मुकाट घेतली नाही. गिरण्यांतले हजारो कामगार त्या महिन्यात काम टाकून बाहेर पडले. त्यांचं म्हणणं साधं होतं, की घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं म्हणजे आम्हाला तेवढं लवकर अंधारात उठायला लावलं. मला हे म्हणणं फार पटतं. पहाटेच्या त्या ३९ मिनिटांत कामगाराच्याही आधी कोण उठत असणार? डबा करणारी. तिचं म्हणणं कुठे नोंदलेलं सापडत नाही. मुंबईच्या महापालिकेने तर 'मुंबईची वेळ' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नव्हती.

तर खिशातलं घड्याळ या सगळ्या ओढाताणीच्या मधोमध होतं. गावात एक वेळ, स्टेशनात दुसरी, आणि रेल्वेच्या माणसाच्या खिशात स्टेशनची. त्याला चूक करून चालत नव्हतं. आजच्यासारखे सिग्नल नव्हते तेव्हा दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवायचं ते मिनिटांनी. पहिली गाडी जाऊन ठरलेली मिनिटं झाली की दुसरी सोडायची. एकेरी रूळ असेल तर कोणती गाडी कुठल्या स्टेशनात थांबून समोरचीला वाट देणार, तेही वेळेवरच ठरलेलं. घड्याळ चार मिनिटं मागे पडलं की संपलंच.

अमेरिकेत असंच झालं. ओहायो राज्यात किप्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथे एप्रिल १८९१ मध्ये टपालाची जलद गाडी आणि साधी गाडी समोरासमोर धडकल्या. साध्या गाडीने बाजूला होऊन वाट द्यायची होती. चौकशीत निघालं की तिच्या ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. त्याला पत्ताच नाही. आपल्याजवळ वेळ आहे असं समजून तो पुढे आला. माणसं मेली. त्यानंतर क्लीव्हलंड शहरातल्या वेब बॉल नावाच्या सराफाला रेल्वेने घड्याळांची तपासणी नेमून दिली आणि १८९३ पर्यंत रेल्वेच्या घड्याळाचे नियम पक्के झाले. आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त पुढेमागे नको. तबकडीवर ठळक साधे आकडे हवेत, काचेवर झाकण नको, चावीची बोंडी बाराच्या डोक्यावर हवी. उभं, आडवं, उताणं, पालथं, कसंही ठेवलं तरी वेळ तीच दाखवली पाहिजे. आत किमान १७ खडे. हे खडे म्हणजे दागिन्याचे नव्हेत हं. चाकांची बारीक टोकं ज्यांत फिरतात ते माणकाचे इवलेसे तुकडे. जात्याचा खुंटा झिजला की जातं कसं डगमगतं, ते तुम्हाला सांगायला नको. खुंट्याभोवती दगडच इतका कठीण असेल की झिजणारच नाही, तर जातं वर्षानुवर्षं सारखं फिरेल. त्यासाठी ते माणीक.

आता बघा, या बॉलसाहेबांच्या नावाची घड्याळं पुढे फार गाजली. तबकडीवर 'बॉल'. पण त्याचा घड्याळाचा कारखाना नव्हता. वॉल्थम, हॅमिल्टन अशा मोठ्या कारखान्यांकडून तो आपल्या नियमाबरहुकूम घड्याळं करून घ्यायचा आणि वर नाव आपलं घालायचा. अमेरिकेतल्या लहान लहान गावांतले सराफही तेच करत. कारखान्याला पत्र लिहायचं, की इतकी घड्याळं पाठवा, तबकडीवर आमच्या दुकानाचं आणि गावाचं नाव टाका. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्या गावच्या सराफाचं घड्याळ! त्यामुळे आज तिकडे ही दुकानांच्या नावांची रेल्वे-घड्याळं जमवणारे लोक आहेत. त्यांना कारखान्यापेक्षा गावात रस. कुठलं दुकान, कुठल्या स्टेशनजवळ, किती वर्षं चाललं, हे ते शोधत बसतात. मला यात नुसता शौक दिसत नाही. ज्या गावांचा इतिहास कुणी लिहिला नाही, त्यांच्या बाजारपेठेची ती वहीच आहे.

आपल्याकडेही तोच धंदा होता, फक्त माल समुद्रापलीकडून यायचा. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ च्या सुमारास मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ सालची. मालक स्विस, दुकानं मुंबई-कलकत्त्याला, आणि नाव मात्र लंडनच्या झुळझुळीत वस्तीचं. साहेबी नाव असलं की माल विकला जातो, हे तेव्हाही माहीत होतं. त्यांच्या घड्याळांतली कितीतरी यंत्रं लाँजिनसारख्या स्विस कारखान्यांनी बनवलेली. इथल्या फौजी गिऱ्हाइकासाठी त्यांनी 'सोवार' असं नाव काढलं, सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. रेल्वे कंपन्या नोकरांना घड्याळं देत, त्यांच्या पाठीवर कंपनीची अक्षरं आणि आकडा कोरलेला असे. आपल्या बाजूला जी अक्षरं सापडतात ती जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत सामावली. त्यामुळे ही अक्षरं खरी असतील तर घड्याळ त्याच्या आधीचं.

'खरी असतील तर' असं मी मुद्दाम म्हटलं. पाठीवर आगगाडीचं चित्र कोरलेलं असलं म्हणजे घड्याळ रेल्वेचं होतं असं नाही. उलट ते बहुधा स्वस्तातलं, बाजारातलं असतं. रॉसकॉफ नावाच्या कारागिराने १८६७ साली गरिबाला परवडेल असं, साठाच्या आत भाग असलेलं घड्याळ बाजारात आणलं. किंमत वीस फ्रँक. ते इतकं खपलं की त्याच्या नकला निघाल्या, आणि नकलांवर गिऱ्हाईक ओढायला इंजिनाची चित्रं आणि 'रेल्वे' हा शब्द आला. ज्याला रेल्वेत नोकरी मिळाली नाही, तोही रेल्वेचं घड्याळ खिशात घालून मिरवू शकत होता. त्यात वाईट काय? पण विकणारा जर म्हणाला की हे गार्डाचं आहे म्हणून दुप्पट द्या, तर हसून नमस्कार करावा.

तबकडीवर दुकान, पाठीवर रेल्वे. आणि ज्यांनी ते घड्याळ जुळवलं त्यांचं नाव? ते कुठेच नाही. वॉल्थम आणि एल्जिनच्या कारखान्यांत मोठ्या संख्येनं बायका होत्या. केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्याने बसवायची, भिंग डोळ्याला लावून खडे बसवायचे, ही कामं त्यांच्याकडे. 'बायकांचे हात नाजूक' असं म्हणायचं आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी द्यायची, ही रीत सगळीकडे सारखीच.

या हातांची एक गोष्ट सांगायलाच हवी. अंधारात दिसावेत म्हणून काही घड्याळांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावत. आज गाड्यांना लावतात त्या चमकत्या पट्टीलाही आपण रेडियमच म्हणतो, पण तिच्यात ते नसतं. त्या घड्याळांत खरोखरीचं असायचं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात १९१७ पासून तरुण मुली तबकड्या रंगवत होत्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं. रंग निर्धोक आहे असंही सांगितलेलं. मुली गमतीने नखांनाही लावायच्या. मग दात पडू लागले, जबड्याची हाडं कुजली, एकेक जण मरू लागली. कंपनी म्हणाली आमचा संबंध नाही. ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीला खटला घ्यायला वकील मिळता मिळेना. अखेर पाच जणी कोर्टात उभ्या राहिल्या आणि १९२८ साली कंपनीला भरपाई द्यावी लागली. कामामुळे आजार झाला तर मालक जबाबदार, हे पुढे अमेरिकेच्या कायद्यात रुजलं, त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. त्या तबकड्यांवर नाव कंपन्यांचं होतं.

म्हणून तुमच्या ट्रंकेत जुनं घड्याळ असेल आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर रंग असेल, तर ते उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम गेलं असं नसतं. चमक काही वर्षांत जाते, रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. बंद डबीत, निजायच्या खोलीपासून दूर ठेवा.

तसा रंग नसेल तर मात्र निवांत बघा. चिंच, राख, लिंबू काहीही लावून घासू नका. भांडं नाही ते. पाठीवरची अक्षरं घासूनच जातात आणि अक्षरं गेली की त्याची ओळख गेली. बंद घड्याळाला जोर लावून चावी देऊ नका, आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. झाकण स्वतः सुरीने उचकटण्यापेक्षा जुन्या घड्याळजीकडे न्या आणि समोर उभं राहून उघडून घ्या. आत यंत्रावर बघा. बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण, आणि एक आकडा बहुतेक वेळा तिथे असतो. तबकडीवरचं नाव दुकानाचं, आतलं नाव कारखान्याचं. दोन्ही कागदावर उतरवून घ्या. लाँजिनसारख्या कंपनीच्या दप्तरात त्या आकड्यावरून घड्याळ कोणत्या साली, कोणाला पाठवलं, हे अजून सापडू शकतं.

विकायचं असेल तर खुशाल विका, अडचणीला वस्तू कामी आलीच पाहिजे. पण मोडीवाल्याला वजनावर देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी चांदीची डबी तोळ्याच्या हिशेबाने मोडली. मोडणाऱ्याने यंत्र काढून बाजूला ठेवलं आणि "हे भंगार" म्हणाला. त्याच भंगाराला शौकीन माणसाने डबीपेक्षा जास्त दिले असते.

घेणाऱ्या बायकांनी, होय, जमवणाऱ्या बायकाही आहेत, आणखी एक जपावं. मुंबईच्या चोरबाजाराच्या आसपास जुन्या तबकड्या नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात बसवून विकायचा उद्योग जोरात चालतो. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकाने नव्हे! शंभर वर्षांचं घड्याळ आणि तबकडी कालच्या ताटलीसारखी कोरी, अक्षरं थोडी वाकडी, रंग भडक, असं दिसलं की ओळखावं. जुन्या तबकडीवरची चीर हा दोष नाही, ते तिचं वय आहे.

आणि घड्याळाइतकीच त्याच्याबरोबरची माहिती महत्त्वाची. सासूबाईंना, आत्याबाईंना विचारा. घड्याळ कोणाचं, ते कोणत्या स्टेशनात होते, कामावर जाताना कुणी त्यांना हाक मारून उठवायचं, गाडी उशिरा आली की घरी जेवण किती वाजता. आजही रेल्वेच्या नियमपुस्तकात लिहिलेलं आहे, की रोज दुपारी चार वाजता सगळ्या महत्त्वाच्या स्टेशनांना प्रमाणवेळ कळवायची, गाडी निघण्याआधी गार्डाने आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचं आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगायची. ज्यांच्या घरी हे काम कुणी केलंय, त्या म्हाताऱ्या बायकांना हे अजून आठवतं. एका वहीत लिहा, तारीख घाला, आणि ती वही त्या डबीशेजारीच ठेवा. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. घड्याळ घरीच राहू दे, एसटीच्या गर्दीत नको.